जुन्या संगणकाला मॉनिटर जुळवताना

मा. संपादक,

जुने संगणक जपण्याविषयी लिहिले जाते तेव्हा कौतुक संगणकाचे होते. त्याला कोणता मॉनिटर जोडायचा, हा प्रश्न मागेच राहतो. हौशी माणसाचे घोडे बहुधा तेथेच अडते.

1985 साली आलेले कमोडोर अमिगा आणि अटारी एसटी हे घरगुती संगणक रंगीत चित्रासाठी सुमारे 15 किलोहर्ट्झ आडव्या वारंवारितेचा (म्हणजे पडद्यावर सेकंदाला सुमारे 15 हजार ओळी रेखणारा) सिग्नल देतात, कारण घरातला टीव्हीच मॉनिटर म्हणून वापरला जाईल, हे त्या काळी गृहीत होते. 1987 मध्ये आलेल्या व्हीजीए या आयबीएमच्या चित्र-मानकाने ही वारंवारिता 31.5 किलोहर्ट्झवर नेली आणि पुढच्या बहुतेक मॉनिटरांनी त्याखालची सोयच ठेवली नाही. त्यामुळे अमिगाच्या 23 पिनांच्या सॉकेटपासून व्हीजीएपर्यंत केबल बनवली, तरी पडदा बहुधा काळाच राहतो. अटारीचा 640 बाय 400 बिंदूंचा कृष्णधवल सिग्नल मात्र सुमारे 35.7 किलोहर्ट्झचा असल्याने अनेक व्हीजीए मॉनिटर तो दाखवतात.

आयबीएमच्या एमडीए (एकरंगी) आणि सीजीए (रंगीत) या पडद्यावर चित्र पाठवणाऱ्या कार्डांचे प्रकरण याहून नाजूक आहे. दोन्हींचे सॉकेट 9 पिनांचे आणि दिसायला सारखे. पण एमडीएचा मॉनिटर 18.4 किलोहर्ट्झसाठी बांधलेला असून चुकीच्या सिग्नलवर तो कायमचा बिघडू शकतो. प्लग बसतो एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये, हेच कीबोर्डालाही लागू आहे: आयबीएमच्या एक्सटी आणि एटी या दोन संगणकांच्या कीबोर्डांचा 5 पिनांचा प्लग एकच, पण त्यांची संकेतपद्धती वेगळी.

जुना सिग्नल नव्या पडद्याजोगा करून देणारा कन्व्हर्टर हा मार्ग आहे. ओएसएससी (ओपन सोर्स स्कॅन कन्व्हर्टर) सारखे उपकरण ओळी दुप्पट करून चित्र जवळजवळ विलंबाशिवाय नव्या पडद्यावर आणते. स्वस्त कन्व्हर्टरांवर अक्षरे फिसकटतात, आणि मजकूर वाचायचा असेल तर ते पैसे वायाच म्हणायचे. कमोडोर 64 या घरगुती संगणकाच्या मूळ पॉवर सप्लायबाबत तर अधिक सावध राहावे: त्यातला व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर बिघडला की 5 व्होल्टची ओळ वर चढते आणि मेमरी चिप जळतात. जुना सप्लाय वापरण्यापेक्षा नव्याने बनवलेला घेणेच शहाणपणाचे.

जुने सामान विकणाऱ्यांना माझी विनंती आहे, की जाहिरातीत केवळ समोरच्या पडद्याचे छायाचित्र न देता मागची सॉकेटे आणि मॉडेल क्रमांकाची पट्टीही दाखवावी. त्या क्रमांकावरून वारंवारिता शोधता येते, आणि मॉनिटर आपल्या कामाचा आहे की नाही, हे पैसे देण्याआधीच कळते.

आपला,
एक नियमित वाचक