न गाणाराही रातकिडाच

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या बालपुरवणीतला रातकिड्यावरचा मजकूर मी इथे, इंग्लंडमधल्या वेमथला, माझ्या दहा वर्षांच्या नातीला वाचून दाखवला. पहिलंच वाक्य होतं, ‘पंखावर पंख घासून गाणारा कीटक म्हणजे रातकिडा.’ नात लगेच म्हणाली, “आजी, मग चेसिलवरचा आपला तो कोण?”

प्रश्न बिनतोड होता. म्हणून हे पत्र.

चेसिल हा आमच्या गावाजवळचा किनारा. सुमारे २९ किलोमीटर लांब, आणि सगळा गोट्यांचा. पश्चिमेच्या टोकाला वाटाण्याएवढे खडे, दुसऱ्या टोकाला, पोर्टलंडकडे येता येता मुठीएवढे गोटे. या गोट्यांच्या फटींत एक रातकिडा राहतो. दिवसा दिसत नाही. रात्री बाहेर पडतो आणि लाटांनी आणून टाकलेलं कुजकं शेवाळ, मेलेले जीव, असं मिळेल ते खातो. गेल्या वर्षी परवानगी असलेल्या अभ्यासकांबरोबर आम्ही दोघी गेलो होतो. गोट्यांत पुरलेल्या बरणीत एक मादी सापडली. टॉर्चच्या उजेडात डोळे भरून पाहिली आणि तिथेच सोडून दिली.

जेमतेम सेंटीमीटरभर लांब, करडी-तपकिरी, चपटी. अंगावर बारीक खवले. जुन्या पुस्तकातली कसर चिमटीत धरली की बोटाला रुपेरी भुकटी लागते ना, तसेच हे खवले हात लागताच निघतात. म्हणून तिला हात लावायचा नाही, हे नातीला आधीच बजावलं होतं. मिशा अंगापेक्षा लांब. मागे तीन शेपट्या दिसतात, पण खऱ्या दोनच. मधली म्हणजे अंडी घालायची सुईसारखी नळी. आणि पंख? मादीला नाहीत, नरालाही नाहीत. पंखच नाहीत तर किरकिर कशाने करणार?

तरीही तो रातकिडाच. मी दापोलीकडे बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवलं. मुलांना भिंगातून कीटकाच्या पावलाचे खंड मोजायला लावायचे. रातकिड्याचे तीन. लांब मिशांचा, पानासारखा हिरवा जो कीटक असतो, ज्यालाही आपण नाकतोडाच म्हणून मोकळे होतो, त्याचे चार. अंडी घालायची नळी रातकिड्याची सुईसारखी, त्या हिरव्याची तलवारीसारखी. चेसिलचा प्राणी या दोन्ही कसोट्यांना उतरतो. फक्त घरातल्या रातकिड्याच्या मागच्या तंगडीवर जे ठळक काटे असतात ते याला नाहीत, नुसती बारीक करवतीसारखी धार आहे, आणि तोंडाचा वरचा भाग नाकासारखा पुढे आलेला. या खुणांवरून आणि खवल्यांवरून त्याचं कूळ वेगळं मानतात, मोगोप्लिस्टिडी. काही अभ्यासक त्याला नेहमीच्या रातकिड्यांच्या कुळातलंच एक उपकूळ धरायचे. या कुळातल्या बऱ्याच जातींत नराला आखूड पंख असतात आणि ते गातातही. जपानमधला एक तर घंटेवर हलकेच टोला द्यावा तसा ‘चिन्-चिन्’ वाजतो. म्हणजे आवाज असणं-नसणं ही एका कुळाचीसुद्धा खूण होऊ शकत नाही, मग सगळ्या रातकिड्यांची कशी होईल?

नावाचंही सांगते, कारण मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. चेसिलवर हा १९४९ मध्ये सापडला. तेव्हापासून अनेक वर्षं त्याला ‘स्क्वामिगर’ म्हणत, म्हणजे खवलेधारी. ते नाव भूमध्य समुद्राकाठच्या जातीचं. मग ती जात एकटीच इतक्या उत्तरेला कशी, जहाजातून तर आली नाही ना, असा प्रश्न पडणारच. १९९६ मध्ये आंद्रेई गोरोखोव या रशियन शास्त्रज्ञांनी पोर्तुगालच्या किनाऱ्यावरून ‘स्युडोमोगोप्लिस्टिस विसेंटी’ ही नवी जात वर्णन केली, आणि चेसिलचा प्राणी तिच्यातला ठरला. २००१ मध्ये गोरोखोव आणि ज्युडिथ मार्शल यांनी इथल्या प्राण्यांना ‘सेप्टेन्ट्रिओनॅलिस’, म्हणजे उत्तरेकडची, अशी उपजातही दिली. मधल्या काळात डेव्हन आणि वेल्सच्या किनाऱ्यांवरही तो मिळाला. ज्याला भूमध्याकडून चुकून आलेला पाहुणा समजता आलं असतं, तो अटलांटिक काठचा रहिवासी निघाला. पाहुणा समजून एखाद्या जिवाकडे पाहणं आणि इथलाच समजून त्याचा किनारा जपणं, यात फार अंतर आहे. हे अंतर शरीर नीट पाहिल्यामुळे कळलं.

म्हणून विनंती अशी. पुढच्या अंकात छोटी चौकट द्यावी: ‘रातकिडा ओळखावा तो लांब मिशा, पावलाचे तीन खंड आणि मादीची सुईसारखी नळी यांवरून, बहुतेक जातींचे नर पंख घासून गातात, काही जातींना पंखच नसतात.’ मुलांना एवढं सहज झेपतं, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

नातीने काढलेलं त्या मादीचं चित्र सोबत जोडलं आहे. जागेअभावी कापावं लागलं तर कृपया मागच्या बाजूने कापू नये. तिन्ही शेपट्या तिने फार मन लावून काढल्या आहेत.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका
(मूळ दापोली, सध्या वेमथ, डॉर्सेट)