रविवारच्या फोननंतर

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

रविवारी रेंज गेली नव्हती, फोन मीच ठेवला. तुला कळलं असेलच. बाबा म्हणाले, "लिही, बोलायला लागलीस की रडतेस." म्हणून लिहायला बसले. तुझ्या युक्रेनमधल्या ल्विव्हला जायच्या बेताचा विषय काढणार नाही.

तू पाठवलेलं प्रबंधाचं प्रकरण दोनदा वाचलं. पहिल्यांदा नावांनीच दमवलं. नोटेचा फोटो मात्र बघताक्षणी कळला. चौतीस वर्षं कॅशवर बसले आहे मी. युक्रेनची शंभर कार्बोवानेत्सांची नोट, साल १९१७, आणि युक्रेनियनबरोबर रशियन, पोलिश, यिडिश. आपल्या नोटेवर मराठी आठव्या ओळीला, हे मी झोपेतही सांगेन. पण इथे स्वातंत्र्य अजून जाहीर व्हायचं होतं, आणि शेजाऱ्यांच्या भाषा आधीच नोटेवर! मग जानेवारी १९१८ मध्ये कीव्हच्या युक्रेनी सरकारने कायदा केला, की रशियन, ज्यू आणि पोलिश लोकांनी आपापल्या शाळा-संस्थांचा कारभार आपणच बघावा. काही आठवड्यांत बोल्शेविक कीव्हमध्ये शिरले, आणि त्याच वर्षी, नंतर सत्तेवर आलेल्या स्कोरोपाड्स्कीने कायदाच मोडीत काढला. शाई वाळायची खोटी.

तुझा तो मित्सकेविच मला आवडला. त्या युक्रेनी सरकारात पोलिश खात्याचा मंत्री, आणि पोलिश कार्यकारी समितीचे बार्तोशेविच त्याला पोलिश लोकांचा प्रतिनिधी मानायलाच तयार नाहीत. सरकार त्याला परक्यांचा समजणार, परके त्याला सरकारचा. पण एक सांगू? पोलिश जमीनदारांना तू "वर्गहित" म्हणून एका शब्दात उडवलंस. नोव्हेंबर १९१७ च्या सरकारी जाहीरनाम्याने त्यांची मालकी गेली. जायलाच हवी होती, कसणारे युक्रेनी शेतकरी किती पिढ्या राबले. तरी माझे आजोबा कूळकायद्यात जमीन गेल्यावरही रोज संध्याकाळी त्याच बांधावरून फिरायला जायचे. कुळाच्या घरचा चहा घ्यायचे, आणि घरी येऊन "आपल्या शेतात यंदा ऊस बरा आहे" म्हणायचे. हे तुझ्या प्रबंधात बसत नसेल. राहू दे. मार्गदर्शक बाई तुझ्या, मी कोण.

शेप्तित्स्की भावांचं बाबांना वाचून दाखवलं. एक ल्विव्हमध्ये युक्रेनियनांचा आर्चबिशप, धाकटा पोलिश सैन्यात जनरल. बाबा काही बोलले नाहीत. नानाकाकांच्या गच्चीकडे बघत बसले.

सासूबाई असत्या तर तुला जवळ बसवून कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचं सांगितलं असतं. १९४३ ते ४८ तिथे पोलिश लोकांचा कॅम्प होता, जवळपास पाच हजार माणसं. त्यांच्या वडिलांकडे त्या बायका गूळ न्यायला यायच्या, आणि ढेपेचा तुकडा आधी हुंगायच्या म्हणे. त्यातल्या कितीतरी जणी तेव्हाच्या पूर्व पोलंडमधल्या गावांतल्या, १९४० मध्ये सोव्हिएतांनी सायबेरियाला हाकललेल्या, हे मला तुझ्यामुळे कळलं. शेजारच्या वहिनींना मी सांगते, आमचा अनिकेत त्याच्यावरच अभ्यास करतोय. पूर्ण खरं नाही, पण सांगते.

आता ते पान. नोव्हेंबर १९१८, ल्विव्ह. एक तारखेला युक्रेनियनांनी शहर ताब्यात घेतलं, पोलिश पोरं शाळेतून उठून बंदुका घेऊन निघाली. युरेक बित्शान, चौदाही पूर्ण न झालेला. घरी चिठ्ठी ठेवून गेला आणि एकवीस तारखेला कब्रस्तानातच गोळी लागून मेला. त्याची आई त्याच शहरात बायकांची तुकडी घेऊन लढत होती. तू हे तीन ओळींत लिहिलंस, आणि पुढच्या ओळीत तळटीप. मी तिथेच थांबले. पलीकडच्या युक्रेनी पोरांनाही आया होत्याच. आणि शहर पोलिशांकडे आल्या दिवसापासून ज्यूंची घरं लुटली, माणसं मारली, ते पान तर मी मिटूनच ठेवलं. ते बिचारे कुणाच्याच बाजूने नव्हते.

त्याच लिचाकिव्ह कब्रस्तानाशेजारी आताच्या लढाईतल्या मुलांच्या कबरी आहेत, आणि तू म्हणालास, "तेही बघून येईन." सहज म्हणालास, शनिवारी पन्हाळ्याला जाऊन येतो म्हणावं तसा. अरे, तिथे सायरन वाजतात. दस्तऐवज शंभर वर्षं थांबले, अजून दोन वर्षं थांबतील. वॉर्सात काय कमी कागद आहेत? अभ्यास असा जीव टांगणीला लावून...

बघ, झालं सुरू. माफ कर. तू तीस वर्षांचा आहेस. माझं ऐकून तू कॉमर्सला गेला असतास तर आज मला मित्सकेविच कळला नसता, हेही खरं.

मेतकूट आणि कुळीथ पीठ कुरिअरने पाठवलंय, पाठदुखीचं तेल वेगळ्या पिशवीत आहे. पावती बाबांकडे.

एवढंच विचारते: पोलंडच्या सीमेवरच्या प्शेमिशलहून पुढचं तिकीट रद्द करता येतं का? पैसे कापले तर मी भरीन. बाबांना कळवू नकोस.

तुझी,
आई