महासभेच्या प्रतिनिधींसाठी सूचना

महासभेला, म्हणजे आपल्या मंडळीच्या (चर्चच्या) सर्वोच्च सभेला, येणाऱ्या सर्व पाळक व वडील (एल्डर, म्हणजे मंडळीचे निवडलेले पुढारी) प्रतिनिधींना सप्रेम सलाम.

प्रेसबिटरीकडून, म्हणजे एका भागातल्या मंडळ्यांच्या पाळक-वडिलांच्या सभेकडून, आलेला कोणताही प्रस्ताव थेट सभागृहात चर्चेला घेतला जात नाही; तो आधी संबंधित समितीकडे जातो. तेव्हा सविस्तर बोलायचे असेल तर समितीतच बोला. सभागृहात मोजकीच मिनिटे मिळतात आणि मॉडरेटर (सभेचे अध्यक्ष) घंटा वाजवायला कचरत नाहीत.

समिती फक्त शिफारस करते, निर्णय महासभेचा. मात्र महासभेने एखाद्या आयोगाला (खास विषयासाठी नेमलेल्या गटाला) अधिकार सोपवले असतील, तर नेमून दिलेल्या विषयापुरता त्याचा निर्णय महासभेचाच मानला जातो. म्हणून अधिकार देणाऱ्या ठरावातला शब्दन्‌शब्द वाचा. 'आवश्यक ती कार्यवाही करावी' एवढेच लिहिले असेल, तर मर्यादा आणि मुदत विचाराच.

समितीतल्या अल्पमताला वेगळा अहवाल मांडता येतो. दुरुस्ती लेखीच द्यावी, अनुमोदकाच्या सहीसह.

मंडळीच्या मूलभूत नियमांतला बदल एका बैठकीत उरकत नाही. स्कॉटलंडच्या चर्चने १६९७ सालीच असे बदल आधी प्रेसबिटरींकडे पाठवून बहुमताची संमती घेण्याचे बंधन घातले. विलंब होतो, पण तो मुद्दाम ठेवलेला आहे.

गणपूर्ती राहावी म्हणून मतदानाआधी उठून जाऊ नये.

— सचिव