गाडी ओढते किती, पेलते किती

सांखळी, गोवा
नारळी पौर्णिमा

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू तिकडे अमेरिकेत घ्यायच्या त्या ट्रेलरचं, गाडीमागे ओढत न्यायच्या फिरत्या घराचं, सांगायला लागलीस आणि तेवढ्यात तिकडे धाकटा सायकलवरून पडला. त्यानंतर तुझे दोन फोन आले, पण ते आईच्या हाती लागले, आणि आईच्या हाती लागलेला फोन माझ्यापर्यंत पोचतो कधी ते तुला ठाऊक आहे. म्हणून लिहायला बसलो. शेजारचा मुलगा या पानांचे फोटो काढून तुला पाठवील.

ट्रेलर देखणा आहे. पोरांना वरखाली खाटा, ओटा, न्हाणीघर, वर ताणायचं छप्पर. आमचं पहिलं बिऱ्हाड याहून लहान होतं. आईला त्यातला ओटा इतका आवडला की तिने तू पाठवलेला फोटो अख्ख्या वाड्याला दाखवला. मला मात्र तू सांगितलेलं त्या विक्रेत्याचं वाक्य खटकलं: “तुमचा पिकअप नऊ हजार पाउंड ओढतो, हा तर सहा हजारांच्या आतला आहे.” माणूस खोटं बोललेला नाही. अर्धं बोलून थांबलाय.

बाय, २०१२ साली खाणी बंद पडेपर्यंत मी खनिजाचा ट्रक चालवला. गाडी दहा टनी, काम पाळीकडच्या खाणींवरून आमोण्याच्या धक्क्यावर माल ओतायचं, तिथून पुढे बार्ज, म्हणजे माल नेणारी सपाट बोट. पैसे टनामागे. त्यामुळे धक्क्यावर एकच चर्चा, कोणी किती चढवलं. इंजिन ओढायला कधी नाही म्हणत नाही. पहिल्या गिअरला घाल, बारा टनही हलतात, चौदाही हलतात. नाही म्हणतात ती बाकीची: पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगा), टायर, मागचा आस, ब्रेक. आणि ती आधी सांगत नाहीत, उतारावर सांगतात.

तुझ्या गाडीचं तसंच आहे. नऊ हजार हा ओढण्याचा आकडा. तो काढण्यासाठी कंपन्या जे प्रमाण वापरतात, एसएई जे२८०७, त्यात गाडीत दोनच माणसं धरतात, प्रत्येकी दीडशे पाउंडांची. पोरं नाहीत, कुत्रा नाही, हौद्यात लाकडं नाहीत. तुमच्यासारख्या घरच्या पिकअपमध्ये ओढण्याचा आकडा संपायच्या कितीतरी आधी पेलण्याचा आकडा, म्हणजे गाडी स्वतःच्या अंगावर किती वजन घेऊ शकते तो, संपतो. तो आकडा माहितीपत्रकात शोधू नकोस, कारण तिथे सगळ्यात रिकाम्या मॉडेलचा छापलेला असतो. खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेला असतो, प्रत्येक गाडीचा वेगळा. काचेचं छत घेतलं, चामड्याच्या सीटा घेतल्या, की तेवढा तो कमी होतो. तू मागे टायरच्या हवेचं विचारताना त्या स्टिकरचा फोटो पाठवला होतास, तो मी ठेवलाय. माणसं आणि सामान मिळून ७०८ किलोच्या वर कधीही जाऊ नये, असं त्यावर लिहिलंय.

आता हिशेब. पाउंड माझ्या डोक्यात चढत नाहीत, किलोतच करतो. तुम्ही दोघं १४५. (जावईबापूंचं वजन ते चतुर्थीला आले होते तेव्हाचं मी धरलंय, वाढलं असेल तर तू भर घाल.) दोन्ही पोरं ४८. कुत्रा २७. हौद्यात जनरेटर, चार सायकली, लाकडं, बर्फाची पेटी असं ११५ धरू. ट्रेलर जोडायचा हिच, त्या लोखंडी दांड्यांसकट, ४५. झाले ३८०. उरले ३२८.

या ३२८ किलोंत ट्रेलरच्या दांडीचा भार बसायला हवा. ट्रेलर मागून नुसता ओढला जात नाही, त्याची दांडी तुझ्या गाडीच्या पाठीवर बसते. टंग वेट म्हणतात ते. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार दांडीवर यायलाच हवा. मी तेरा धरतो. तू पाठवलेल्या कागदावर या ट्रेलरचं कमाल भरलेलं वजन ३,४५० किलो आहे. त्याचे तेरा टक्के ४४८. तुझ्याकडे आहेत ३२८. आणि गंमत बघ, कागदावरचं रिकामं वजन २,७०० (विक्रेत्याचे ‘सहा हजारांच्या आत’ ते हेच) धरलं तरी दांडीवर ३५१ येतात. म्हणजे एक चमचाही आत न ठेवता हा ट्रेलर तुमच्या कुटुंबासकट या गाडीला जड आहे. नऊ हजारांच्या कितीतरी खाली असूनही.

उलटा हिशेब केला तर ३२८ किलो दांडीला चालणारा ट्रेलर भरून साधारण अडीच हजार किलोंचा, म्हणजे साडेपाच हजार पाउंडांचा. शोधताना हा आकडा कमाल वजनाच्या रकान्यात बघ, रिकाम्या वजनाच्या नाही. रिकामं वजन हा विक्रेत्यांचा लाडका आकडा. त्यात पाणी नसतं, गॅस नसतो, बहुतेक वेळा बॅटरीही नसते. चाळीस गॅलनची टाकी भरली की दीडशे किलो पाणी. गॅसचे दोन सिलिंडर भरलेले पस्तीसेक किलो, आणि ते नेमके दांडीवरच बसवलेले. मग भांडी, अंथरुणं, खुर्च्या, डबे. ट्रेलरच्या दाराजवळ पिवळा स्टिकर असतो, त्यात किती सामान भरता येईल ते लिहिलेलं असतं. सुंदर ट्रेलरांत तो आकडा कधीकधी इतका लहान असतो की पाणी भरल्यावर कपडे घरी ठेवावेत. विकत घेण्याआधी त्याचा फोटो मला पाठव.

तू विचारशील, दांडीवर भार कमी ठेवला तर? सामान मागे सरकवलं, सायकली मागच्या बंपरला टांगल्या तर? इथे तुझ्या पणजोबांची बैलगाडी आठव. तू पाहिली नाहीस, पण ऐकलंयस. मागे जास्त भरलं की गाडी उलाळ व्हायची, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जायचं. पुढे फार भरलं की धुरजड, बैल मान टाकायचे. पणजोबा गाडी थोडी धुरजडच भरायचे, उलाळ कधी नाही. ट्रेलरचंही तेच. फरक एवढाच की बैलगाडी उलाळ झाली तर लोक हसत, आणि महामार्गावर ताशी शंभर किलोमीटरने ट्रेलर उलाळ झाला तर तो शेपूट हलवायला लागतो. बाजूने मोठा ट्रक गेला, वाऱ्याचा झोत आला, की डावीकडे, उजवीकडे, आणि दर हेलकावा आधीच्याहून मोठा. शेवटी शेपूट कुत्र्याला फिरवतं. म्हणून जड सामान ट्रेलरच्या चाकांवर आणि किंचित पुढे, खाली जमिनीलगत. बंपरला काही टांगू नकोस. पाण्याची टाकी चाकांच्या पुढे आहे की मागे तेही विचार, कारण ती भरली-रिती झाली की दांडीचा भार बदलतो.

तसं कधी झालंच तर पायाने गाडीचा ब्रेक दाबायची चूक करू नकोस. अ‍ॅक्सिलरेटर सोड, स्टिअरिंग सरळ धर आणि ब्रेक कंट्रोलरची (ट्रेलरचे ब्रेक चालवायला ड्रायव्हरजवळ बसवतात त्या यंत्राची) पट्टी हाताने दाब, म्हणजे नुसत्या ट्रेलरचे ब्रेक लागतात आणि तो मागे खेचला जाऊन सरळ होतो. न बघता त्या पट्टीवर हात गेला पाहिजे. रिकाम्या मैदानात सवय करा, दोघंही.

विक्रेता आणखी एक सांगेल, “वजन वाटणारा हिच लावतो, मग काळजी नाही.” हिच लाव, लावायलाच हवा. दांडी मागच्या चाकांच्याही मागे बसते, त्यामुळे मागचा आस दबतो आणि पुढचा हलका होतो, फळीच्या झोक्यासारखा. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग ऐकत नाही आणि ब्रेकही नीट धरत नाही. तो हिच काही भार परत पुढे ढकलतो, काही ट्रेलरच्या चाकांवर टाकतो. पण त्याने दारावरचे ७०८ वाढून ८०० होत नाहीत. मागे हवेच्या पिशव्या बसवल्यानेही होत नाहीत. खाणीवर आम्ही हेच करायचो. दोन पाटे जास्त घालायचे, फाळक्याला फळ्या ठोकायच्या, गाडी पाठीमागून ताठ दिसली की खुशाल. ताठ दिसली म्हणून ब्रेक काही मोठे झाले नव्हते.

आता एक सांगतो, ते आईला वाचून दाखवू नकोस. १९९७ च्या मोसमात मला पंधरा दिवस पाय प्लास्टरमध्ये घालून बसावं लागलं, ते टायर फुटल्यामुळे, असं मी घरी सांगितलं होतं. टायर फुटला नव्हता. खनिज जड असतं बाय, हौदा अर्धा रिकामा दिसतो आणि गाडी भरलेली असते. डोळ्यांना वजन कळत नाही. त्या दिवशी चौदा टन होते, मला माहीत होते, काट्यावरच्या माणसालाही माहीत होते. खाणीवरून उतरताना मी गिअर वरचा ठेवला, घाई होती, तिसरी ट्रिप व्हायची होती. उताराच्या अर्ध्यावर ब्रेक तापले आणि पायाखाली काहीच उरलं नाही. क्लीनरला ओरडून उडी मारायला लावली आणि गाडी डावीकडे चिरेखाणीच्या भिंतीला घासत नेली. समोरून शाळेची पोरं येत नव्हती, हे माझं कर्तृत्व नव्हे.

म्हणून तुझ्याकडे आलो होतो तेव्हा डेन्व्हरहून डोंगरात जाताना मी गप्प बसलो होतो. तो आयझेनहॉवर बोगदा, ११,१५८ फुटांवर, आणि पलीकडे सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना सात टक्के उतार. बाजूला ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी वाळू-खडीचे चढ केलेले. तू म्हणालीस, “बाबा, किती छान व्यवस्था आहे.” मी म्हटलं हो. माझ्या डोक्यात ती भिंत होती. त्या उताराला तू ट्रेलर घेऊन जाणार असशील तर माथ्यावरच गिअर खाली घाल, टो-हॉल असं, ओझं ओढताना वापरायचं, बटण असेल तर ते चालू कर, आणि वेग आधी कमी करून मग उतर. ब्रेक टेकवून ठेवायचा नाही. घट्ट दाबायचा, वेग उतरवायचा, सोडायचा, थंड होऊ द्यायचा. अनमोडच्या घाटात जुने ड्रायव्हर हेच करतात, त्यांना कोणी बटण दिलेलं नाही. चढावर इंजिन दमेल, त्या उंचीवर हवा विरळ, दमू दे. उजव्या लेनमध्ये हळू चालवायला लाज वाटून घेऊ नकोस.

टायरचं थोडक्यात: ट्रेलरचे टायर न झिजताही म्हातारे होतात. टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो, त्याच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. पाच-सहा वर्षांचे असतील तर नवेकोरे दिसले तरी बदल. जुना ट्रेलर घेणार असाल तर आधी हेच बघा, मग गाद्या बघा.

आणि ट्रेलर घेतल्यावर पहिल्या सहलीला निघताना, सगळे बसलेले, कुत्र्यासकट, पाणी भरलेलं, असे काट्यावर जा. तुमच्याकडे ट्रकवाल्यांच्या पंपांवर कॅट स्केल असतात, खासगी गाडीवाल्यालाही वजन करून देतात. पुढच्या आसाचं, मागच्या आसाचं आणि ट्रेलरचं वेगळं वजन चिठ्ठीवर येतं. तीनदा कर: हिचच्या दांड्या ताणून, दांड्या सैल करून, आणि ट्रेलर सोडून नुसत्या गाडीचं. तिन्ही चिठ्ठ्या मला पाठव, मी वहीत मांडतो. माझी ट्रिपांची वही अजून आहे, मागची वीस पानं कोरी आहेत.

जावईबापूंना मोठा ट्रेलरच हवा असेल तर मग गाडी बदला, पाऊण टनाची किंवा एक टनाची म्हणतात ती घ्या, पण आधी तिच्याही दाराचा स्टिकर वाचा. त्यांतसुद्धा डिझेल इंजिन जड असतं आणि पेलायचा आकडा खाऊन टाकतं. मला विचारशील तर लहान ट्रेलर घ्या. पोरं दिवसभर बाहेरच असणार आणि रात्री कुठेही झोपतात. वरखाली खाटा लहानातही मिळतात, मी बघितलंय, शेजारच्या मुलाने मला दोन तास दाखवले, बिचाऱ्याची परीक्षा होती.

आई म्हणते, चतुर्थीला येणाऱ्या कोणाबरोबर तरी सोलां (आमसुलं) आणि उकडे तांदूळ पाठवते. पाच किलो असतील. ट्रेलरमध्ये नेणार असाल तर धरा.

तुझे,
बाबा