तुझा विश्वास ढळू नये म्हणून

सदर, नागपूर

प्रिय आई, प्रिय बाबा,
प्रभूच्या नावात सलाम.

रविवारी फोनवर विषय अर्धाच राहिला. बाबा बोलत होते, मी ऐकत होतो, आणि मागून आईचा आवाज आला, "म्हणजे माझ्यातच खोट आहे." मग नुसता भांड्यांचा आवाज. तेव्हापासून ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. फोनवर बाबांना मध्येच अडवणं मला जमत नाही, आणि विषय आपल्यावर आला की आई उठून जाते, म्हणून पत्र लिहायला बसलो. बाबा, तुम्हीच मोठ्याने वाचून दाखवा. आई, तू मात्र शेवटपर्यंत बसून राहा.

तुमच्या तिथल्या घरगुती सभेत प्रश्न निघाला होता, की ख्रिस्ती माणसाचा सर्वांत मोठा आत्मिक शत्रू कोणता. कुणी सैतान म्हणालं, कुणी आजचं जग म्हणालं. बाबांनी सांगितलं, आपला देहस्वभाव. माणूस स्वतःच स्वतःचा वैरी. तिन्ही उत्तरं जुनीच आहेत. अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या मंडळीच्या जुन्या बाप्तिस्माविधीत सैतान, जग आणि देहवासना या तिघांचाही त्याग करायला लावतात. बाबांचं घराणं स्कॉटिश मिशनचं, आईचं माहेर अँग्लिकन. 29 नोव्हेंबर 1970 ला सहा मंडळ्या इथेच, आपल्या नागपुरात, एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, पण आपल्या घरात ती दोन वळणं अजून वेगवेगळी ओळखू येतात. बाबा माणसाच्या पापी स्वभावावर बोलतात. आई वाद घालत नाही, पाठ असलेल्या प्रार्थना म्हणत राहते आणि ऐकलेलं सगळं मनाला लावून घेते.

बाबा, तुमचं म्हणणं वचनाला धरून आहे. प्रत्येक जण आपल्याच वासनेने ओढला जातो, असं याकोब लिहितो. चोरी, खून, लोभ, अहंकार हे सगळं माणसाच्या आतून निघतं, असं मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू स्वतः सांगतो. जे चांगलं करावंसं वाटतं ते माझ्या हातून होत नाही, ही तर पौलासारख्या प्रेषिताची कबुली. लहानपणी आम्ही भावंडं भांडलो आणि 'सैतानाने करवलं' म्हणालो की तुम्ही ते कधी चालू दिलं नाहीत. "हात कुणाचा होता?" एवढंच विचारायचात. त्या शिस्तीबद्दल मी तुमचा ऋणी आहे. आपल्या प्रत्येक चुकीचं खापर सैतानावर फोडणारे लोक मी रोज पाहतो, आणि ते बदलत नाहीत हेही पाहतो.

पण तेच वाक्य आईच्या कानावर पडलं की त्याचं काय होतं ते बघा. नागपूर सोडून दादाकडे पुण्याला गेल्यापासून तिचं देवळात जाणं गुडघ्यांमुळे जवळजवळ थांबलं आहे. चौथा मजला, आणि लिफ्ट कधी चालू, कधी बंद. भक्ती मोबाइलवर होते, पण भाकर आणि द्राक्षारस घ्यायचं प्रभुभोजन होत नाही. पहाटे उठून प्रार्थना करणारी बाई आता म्हणते, शब्दच येत नाहीत. त्यात त्या मोबाइलवरच्या कुणा प्रचारकाने सांगितलं की बरं न होणाऱ्या दुखण्यामागे लपलेलं पाप असतं, नाहीतर विश्वास कमी असतो. मला त्या माणसाचा फार राग आला. जन्मापासून आंधळा असलेला माणूस पाहून शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? आणि प्रभूने सांगितलं, यानेही नाही आणि यांनीही नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात अगदी सुरुवातीलाच आहे, आई. पौलाच्या शरीरात तर काटा होता. त्याला तो सैतानाचा दूत म्हणतो. तो काढून टाक म्हणून त्याने तीनदा विनवलं, पण देवाने आपली कृपा पुरे आहे असं सांगितलं. काटा निघाला असं तो कुठेच लिहीत नाही. पौलाचा विश्वास कमी होता, असं कोण म्हणेल?

तर आई हे सगळं ऐकते, त्यावर बाबांचं 'माणूस स्वतःच स्वतःचा वैरी' ऐकते, आणि हिशेब मांडते की देव माझ्यावर नाराज आहे. मला जे सांगायचं आहे ते इथेच आहे. माझ्या मते आपला सर्वांत मोठा शत्रू म्हणजे देव आपल्याशी चांगला नाही, तो आता आपल्याला घेणार नाही, असं मनात बसलेलं खोटं. सैतान ते पेरतो, देह ते उचलून धरतो, जग त्याला पुरावे पुरवतं. तिघंही त्या एकाच कामाला लागलेले असतात.

हे मी माझ्या मनाने म्हणत नाही. लूकचा बाविसावा अध्याय काढा. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभू आपल्या शिष्याला, पेत्राला, सांगतो की सैतानाने तुम्हाला गव्हासारखं चाळायला मागितलं आहे. पुढे काय म्हणतो? सैतानाला मी हाकलून दिलं, असं म्हणत नाही. तू पडणार नाहीस, असंही म्हणत नाही. उलट कोंबडा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील, हे त्याच रात्री सांगून टाकतो. प्रभूची प्रार्थना एकाच गोष्टीसाठी आहे: तुझा विश्वास ढळू नये. पडणं त्याने धरूनच ठेवलं होतं. वळल्यावर भावांना स्थिर कर, म्हणून पुढचं कामही त्याला तेव्हाच देऊन टाकलं. ज्या गोष्टीसाठी प्रभू स्वतः प्रार्थनेला बसतो, शत्रूचा नेम तिच्यावरच असणार.

आता त्याच रात्री प्रभूला धरून देणारा शिष्य यहूदा घ्या. आपण त्याला वाईट म्हणून पुढे जातो, पण मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात त्याने काय काय केलं ते सावकाश वाचलं तर अंगावर काटा येतो. त्याला पस्तावा झाला. तीस रुपये त्याने परत नेले. निर्दोष माणसाला धरून देऊन मी पाप केलं, असं तोंडाने म्हणाला. आपण ज्याला पश्चात्ताप म्हणतो त्यातलं बरंचसं झालं होतं. पण तो गेला याजकांकडे, आणि ते म्हणाले, आम्हाला त्याचं काय? तिथून तो जाऊन गळफास घेतो. पेत्राने तर शपथा वाहून प्रभूला नाकारलं होतं, तरी रडून झाल्यावर तो इतरांमध्येच राहिला, कबर रिकामी आहे म्हटल्यावर धावत गेला, आणि किनाऱ्यावर प्रभूला ओळखताच नावेतून पाण्यात उडी टाकून त्याच्याकडे गेला. मला वाटतं, यहूदाला प्रभूकडे परत जाता येईल हे शक्यच वाटलं नसावं. लोभाने त्याला पाडलं खरं, पण त्याचा शेवट त्या निराशेने केला.

रोग कितीही मोठा असला तरी दवाखान्याची वाट मोकळी असेल तोवर आशा असते. ती वाट बुजवणारा रोगापेक्षा मोठा वैरी. राग, लोभ, मत्सर हे सगळं घेऊन क्रुसाजवळ जाता येतं. पण तिथे मला कुणी उभं करणार नाही, हे एकदा मनाने धरलं की माणूस जाणार कुठे?

इस्राएल लोकांचंही तेच. फारोची फौज समुद्रात बुडालेली त्यांनी पाहिली, रानात देवाने दिलेला मान्ना खाल्ला, आणि देवाने देऊ केलेल्या कनान देशाच्या दाराशी येऊन थांबले. तिथले धिप्पाड लोक पाहून घाबरले, हे आपण संडे स्कूलमध्ये शिकतो. पण तंबूत बसून ते काय कुरकुरत होते ते अनुवादाच्या पहिल्या अध्यायात आहे: परमेश्वर आमचा द्वेष करतो, म्हणून त्याने आम्हाला मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, इथे आणलं. ज्याने सोडवलं त्याच्याचबद्दल! आणि इब्री लोकांस पत्र लिहिणारा सांगतो की अविश्वासामुळे त्यांना आत जाता आलं नाही. एदेन बागेतही सर्पाने हव्वेच्या हातात फळ ठेवलेलं नाही. आधी त्याने देवाच्या हेतूबद्दल शंका टाकली, की तो तुमच्यापासून काही चांगलं राखून ठेवतो आहे. पुढचं मग आपोआप झालं.

बाबा, आता तुम्हाला एक विनंती करतो, लहान तोंडी मोठा घास वाटला तरी. उधळ्या मुलाच्या दाखल्यात दोन मुलगे आहेत. धाकटा बापाचा पैसा उधळून बसतो आणि परत निघण्याआधी मनात भाषण तयार करतो, मला मजुरासारखं ठेवा. थोरला अंगणात उभा राहून म्हणतो, इतकी वर्षं तुमची चाकरी केली, कधी एक करडूसुद्धा दिलं नाहीत. एक पापी, एक शिस्तीचा. पण दोघांच्याही मनात बाप म्हणजे मालक. दोघांसाठी बापच घराबाहेर येतो. एकाला मिठी मारतो, दुसऱ्याची समजूत घालतो. तुम्ही आयुष्यभर हिशेबाने आणि सचोटीने वागलात. तुमच्या सचोटीत तुम्हाला त्या बापाची माया कमी पडू नये, असं मला फार वाटतं. आईला तुम्ही देहस्वभावाबद्दल सांगाल तेव्हा त्याच बैठकीत तिला हा बापही दाखवा. नुसतं पहिलं सांगून थांबलात तर ते वचन असूनही तिला ओझं होतं.

जखऱ्याच्या तिसऱ्या अध्यायात महायाजक यहोशवा मळक्या कपड्यांत देवदूतापुढे उभा आहे आणि दोष ठेवायला सैतान उजवीकडे हजर आहे. कपडे खरोखरच मळलेले होते, आरोप खोटा नव्हता. तरी परमेश्वर धमकावतो ते सैतानाला, आणि यहोशवाचे कपडे बदलायला लावतो, डोक्यावर स्वच्छ मंदील घालतो. आई, रात्री झोप लागत नाही आणि जुनं काहीबाही आठवतं असं तू म्हणालीस, तेव्हा हा अध्याय वाचत जा. छोटासाच आहे. तुझ्याबद्दल आत बोलणारा प्रत्येक आवाज देवाचा नसतो. पवित्र आत्मा पाप दाखवतो तेव्हा वाटही दाखवतो. तू संपलीस, तू उपयोगाची नाहीस, एवढंच बोलून जो गप्प बसतो तो दुसराच कुणी.

आणि प्रार्थनेला शब्द येत नाहीत याचं मनाला लावून घेऊ नकोस. रोमकरांसच्या आठव्या अध्यायात आहे की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्माच कण्हून आपल्यासाठी विनंती करतो, आणि पुढे ख्रिस्तही देवाच्या उजवीकडे आपल्यासाठी विनंती करतो आहे. पेत्रासाठी त्या रात्री केली तशी तुझ्यासाठी. तू म्युर मेमोरियल दवाखान्यात महिला मंडळाबरोबर आजाऱ्यांना भेटायला जायचीस, तेव्हा तापाने ग्लानीत पडलेल्यांना कुठे प्रार्थना करता यायची? तू त्यांच्या उशाशी बसून करायचीस. ती प्रार्थना त्यांची नव्हती, असं तू म्हणशील का?

त्याच पेत्राने म्हातारपणी लिहिलं की सैतान गर्जणाऱ्या सिंहासारखा कुणाला गिळावं म्हणून फिरतो. ते वचन भिंतीवर लावणारी घरं मी पाहिली आहेत, पण त्याच्या आधीचं वचन फार कुणी लावत नाही: आपली सगळी चिंता त्याच्यावर टाका, कारण तो तुमची काळजी घेतो. पेत्र आधी ते सांगतो, मग सिंहाचं नाव काढतो. विश्वासात दृढ राहून त्याच्याविरुद्ध उभे राहा, हे त्याच्यानंतर.

बाबा, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची गोष्ट तुम्ही आम्हाला कितीदा सांगितली आहे! 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते खिळून राहिले. त्या प्रवचनात रानातल्या फुलांना सजवणारा आणि आपण मागण्याआधीच आपली गरज ओळखणारा बाप आहे. मत्तयाचा सहावा अध्याय एकदा आईला वाचून दाखवाल का? त्यावर काही बोलू नका. नुसता वाचा.

आणखी एक. तिथल्या पाळकसाहेबांना भेटून घरी प्रभुभोजन द्यायला सांगा. देवळात येऊ न शकणाऱ्यांना घरी जाऊन देतात, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. आई नको म्हणेल, कुणाला कशाला त्रास म्हणेल. तरी बोलवा. दादाशीही बोललो आहे, तो संध्याकाळी लवकर घरी येईल असं म्हणाला.

इकडे सगळं ठीक. कूलर दुरुस्त करून घेतला आहे. महिला मंडळातल्या बाया दर रविवारी मला गाठतात, "काकू कधी येऊन राहिल्या जी?" आईची जागा, खिडकीजवळची, अजून कुणी घेत नाही. सुट्टी मंजूर झाली की मी तुम्हाला भेटायला येतो, आणि डॉक्टरांकडे आईबरोबर मीच जाईन.

बाबा, यात तुम्हाला कुठे पटलं नाही ते वचन देऊन लिहा. पोस्टकार्डावर भागवू नका, सविस्तर लिहा. आणि पत्राच्या खाली चार ओळी आईच्या हातच्याही हव्यात.

तुमचा,
धाकटा