लोकलसाठी चाचणीचाही पर्याय हवा

ऑगस्ट 2021

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोविड लशीच्या दोन्ही मात्रा घेऊन 14 दिवस उलटलेल्या प्रवाशांना 15 ऑगस्टपासून मासिक पासावर मुंबईच्या लोकलने प्रवास करू देण्याचा राज्य सरकारचा निर्णय स्वागतार्ह आहे. लसीकरण हाच टाळेबंदीतून बाहेर पडण्याचा भरवशाचा मार्ग आहे, याबद्दल दुमत नाही. मात्र ही अट तरुण नोकरदारांवर जशी लागू होते, त्यात मोठी विसंगती आहे.

18 ते 44 वयोगटाचे लसीकरण 1 मे रोजी सुरू झाले आणि लशींच्या तुटवड्यामुळे राज्याला ते त्याच महिन्यात थांबवावे लागले; केंद्र सरकारची मोफत लस या गटाला 21 जूनपासून मिळू लागली. दरम्यान 13 मे रोजी कोव्हिशील्ड लशीच्या दोन मात्रांमधील अंतर 12 ते 16 आठवडे करण्यात आले. म्हणजे 21 जून रोजी कोव्हिशील्ड घेतलेल्या कामगाराला दुसरी मात्रा लवकरात लवकर 13 सप्टेंबरला मिळणार आणि पास 27 सप्टेंबरला. त्याच दिवशी कोव्हॅक्सिन घेतलेला त्याचा शेजारी 28 दिवसांच्या अंतरामुळे 2 ऑगस्टलाच पात्र ठरला. लसीकरण केंद्रावर जी लस उपलब्ध होती ती दोघांनी घेतली, एवढाच काय तो फरक. शिक्षण वा नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांना मात्र कोव्हिशील्डची दुसरी मात्रा 28 दिवसांनंतर घेण्याची मुभा जूनमध्येच मिळाली. परदेशी जाणाऱ्यांसाठी जी सवलत सुचली, ती डोंबिवलीहून मशीद बंदरला जाणाऱ्यासाठी का सुचू नये?

सध्या स्थानकावरील मदत कक्षात पालिकेचे कर्मचारी प्रमाणपत्र आणि ओळखपत्र पडताळून छायाप्रतीवर शिक्का मारतात व तो दाखवल्यावर खिडकीवर पास मिळतो. परवा रांगेत माझ्यापुढे कपड्याच्या दुकानात काम करणारा एक तरुण होता. त्याच्या मोबाइलवर जुलैतील पहिल्या मात्रेचे प्रमाणपत्र होते. ‘दुसरा डोस झाल्यावर या’ असे सांगून त्याला परत पाठवले. तो कामावर जाणारच आहे, फक्त खच्चून भरलेल्या बसने! त्यात संसर्गाला आळा कसा बसणार, हे कोडेच आहे.

एक मात्रा घेतलेल्यांची याच कक्षांत जागीच निकाल देणारी अँटिजेन चाचणी करावी आणि अहवाल निगेटिव्ह असल्यास ठरावीक दिवसांपुरता प्रवास करू द्यावा. ही चाचणी काही बाधित हुकवते, हे खरे. पण ज्यांच्यात विषाणूचे प्रमाण जास्त आहे, म्हणजे ज्यांच्यापासून इतरांना अधिक धोका आहे, ते तिच्यात बहुधा सापडतात, आणि निकाल अर्ध्या तासात मिळतो. कोरोनाच्या डेल्टा प्रकाराची लागण दोन मात्रा घेतलेल्यांनाही होते, तेव्हा पासधारकांचीही अधूनमधून नमुना चाचणी झाली तर बरेच. दुर्दैवाने राज्य सरकारच्या 25 जूनच्या आदेशानंतर निर्बंधांचा स्तर ठरवताना केवळ प्रयोगशाळेतील आरटी-पीसीआर चाचण्यांतील बाधितांचे प्रमाण धरले जाते. त्या हिशेबापुरते ते ठीक असेल, परंतु त्यामुळे अँटिजेन चाचण्यांबाबत प्रशासनाने हात आखडता घेऊ नये.

यात नवे असे काही नाही. एप्रिलच्या निर्बंधांत लस न घेतलेल्या कर्मचाऱ्यांकडून सरकारनेच 15 दिवसांपर्यंतचा निगेटिव्ह अहवाल मागितला होता. तेव्हा दुकान उघडण्यासाठी जो कागद चालत होता, तो आज लोकलच्या तिकिटासाठी चालावा. 10 सप्टेंबरला गणेशोत्सव सुरू होत असून त्याआधी बाजारपेठांतील दुकाने आपल्या माणसांना पुन्हा कामावर बोलावतील. मुख्यमंत्र्यांनी निदान तोपर्यंत तरी ही सोय सुरू करावी, ही विनंती.

– एक वाचक, डोंबिवली (पूर्व)