सहभाग आणि कारभार यांतील अंतर

मा. संपादक,
सा. न. वि. वि.

आदिवासी भागातील आरोग्यसेवेत लोकसहभाग वाढवावा, असे सुचवणारा लेख आपल्या अंकात वाचला. लेखामागची तळमळ खरी आहे. पण 'सहभाग' हा शब्द मला बरीच वर्षे खटकत आला आहे आणि त्याला कारण माझीच नोकरी आहे. एका आदिवासी तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात मी औषधनिर्माण अधिकारी होतो. केंद्राच्या कारभारात स्थानिक लोकांना सामील करण्यासाठी नेमलेल्या रुग्ण कल्याण समितीच्या सभेचे इतिवृत्त सभेच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवण्याचे काम माझ्याकडे असे. सदस्य येत, चहा घेत आणि नोंदवहीत सही किंवा अंगठा करून जात. एकदा एका वयस्क सदस्य बाईंनी विचारले, की बाळंतिणीबरोबर आलेल्या माणसांनी चूल कुठे मांडायची? प्रश्न रास्त होता, परंतु इतिवृत्त आधीच लिहून झाले होते, त्यामुळे तो कागदावर आलाच नाही.

अमेरिकेच्या अलास्का राज्यातील मूलनिवासींनी आपले दवाखाने सरकारकडून कसे घेतले, हे निवृत्तीनंतर वाचत गेलो, तेव्हा आमच्या समितीत काय नव्हते ते नेमके कळले. अमेरिकेत १९७५ साली मूलनिवासींच्या स्वयंनिर्णयाचा कायदा झाला. त्याचा क्रमांक ९३-६३८, म्हणून तेथे अशा कराराला 'सिक्स थर्टी एट' असेच म्हणतात. एखाद्या जमातीने ठराव करून अमुक दवाखाना आम्ही चालवतो असे कळवले, की संघराज्य सरकारला ९० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. नकार द्यायचा तर कायद्यात लिहिलेल्या मोजक्या कारणांपैकीच एखादे दाखवावे लागते आणि ते सिद्ध करण्याचा भारही सरकारवरच असतो. होकार दिला, तर त्या सेवेवर सरकार स्वतः जेवढा पैसा खर्च करणार होते, तेवढा जमातीच्या हवाली करावा लागतो. नेमणुका कोणाच्या करायच्या, वेळा काय ठेवायच्या, पैसा कुठे आधी वापरायचा, हे मग जमात ठरवते.

अलास्कातील अँकरेज शहरातील मूलनिवासींचे सरकारी रुग्णालय १९५३ मध्ये मुख्यतः क्षयरोग्यांसाठी उघडले गेले होते. पुढे साध्या दुखण्यासाठीही तेथे तासन् तास ताटकळावे लागे, आणि आज एक डॉक्टर तर पुढच्या वेळी दुसराच. १९८२ मध्ये स्थापन झालेली मूलनिवासींची संस्था साउथसेंट्रल फाउंडेशन आणि संपूर्ण राज्यातील जमातींचा एक महासंघ यांनी १९९९ पासून या रुग्णालयाचा कारभार हाती घेतला. रुग्णांना त्यांनी 'ग्राहक-मालक' म्हणायला सुरुवात केली. हा शब्द मला आधी जाहिरातीतला वाटला होता, हे कबूल करतो. परंतु प्रत्येक कुटुंबाला ठरावीक डॉक्टर, परिचारिका आणि मदतनीस यांचे एकच पथक, बहुधा त्याच दिवशीची भेट, तपासणीचा पलंग नसलेल्या आणि नुसते समोरासमोर बसून बोलण्यासाठी केलेल्या खोल्या, शिवाय परंपरागत उपचारकांचा स्वतंत्र विभाग, हे सारे मालकांना विचारल्याशिवाय सुचले नसते. साठ-पासष्ट हजार लोकांना सेवा देणाऱ्या या संस्थेला २०११ आणि २०१७ मध्ये अमेरिकेचा बाल्ड्रिज राष्ट्रीय गुणवत्ता पुरस्कार मिळाला.

अलास्कातील रस्ताच नसलेल्या गावांत मूळचे गावकरीच आरोग्य सहायक म्हणून काम करतात. क्षयाच्या साथीत घरोघरी गोळ्या देणाऱ्यांपासून सुरू झालेली ही परंपरा आहे. काही आठवड्यांची चार सत्रे, जाडजूड मार्गदर्शक पुस्तिका आणि दूरध्वनीवर डॉक्टर, एवढ्या बळावर ते दवाखाना चालवतात. जमातींनी याच धर्तीवर न्यूझीलंडला तरुण पाठवून दातांवर उपचार करणारे सहायक तयार केले, तेव्हा दंतवैद्यांच्या संघटनेने २००६ मध्ये त्यांना न्यायालयात खेचले. दावा टिकला नाही. गडचिरोलीत गावातील बायकांनी नवजात बाळाला इंजेक्शन द्यावे की नाही, यावर आपल्याकडे झालेला वाद ज्यांना आठवत असेल, त्यांना हे नवे वाटणार नाही.

तिकडे सगळे सुरळीत आहे असे नाही. निधी अपुराच आहे. कारभारासाठी लागणाऱ्या वरखर्चाची रक्कम मिळवायला जमातींना सर्वोच्च न्यायालयात पुनःपुन्हा जावे लागले; २०२४ च्या निकालात त्या जिंकल्या, त्याही पाचास चार मतांनी. २०१८-१९ मध्ये खर्चाला मंजुरी न मिळाल्याने अमेरिकेत सरकारी कामकाज ३५ दिवस ठप्प झाले, तेव्हा जमातींच्या दवाखान्यांचाही पैसा अडकला. पैशाची दोरी दुसऱ्याच्या हातात असली, की असे होणारच. तरीही भांडण कोणाशी आणि किती रकमेचे, हे त्यांना ठाऊक असते. आमच्या समितीला ते कधीच ठाऊक नव्हते.

महाराष्ट्रात याचा पाया अजिबात नाही, असे कोणी म्हणू नये. आदिवासी क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ पासून आहे, राज्याचे नियम २०१४ चे आहेत आणि आदिवासी उपयोजनेतील, म्हणजे आदिवासींसाठी राखून ठेवलेल्या निधीतील, ५ टक्के निधी पेसा ग्रामपंचायतींना थेट देण्याचा निर्णयही २०१५ मध्ये झाला. आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख आणि जनसुनवाया २००७ पासून झाल्या व त्यांचा उपयोगही झाला. पण देखरेख करणाऱ्याला जाब विचारता येतो, नेमणूक करता येत नाही. म्हणून माझी सूचना एवढीच आहे, की इच्छुक ग्रामसभांच्या गटाला एखादे उपकेंद्र त्याच्या पूर्ण अंदाजपत्रकासह पाच वर्षांच्या कराराने द्यावे आणि नकार द्यायचा तर कारण लेखी द्यावे. ग्रामसभांना हिशेब जमणार नाही, ही शंका मी नोकरीत असताना स्वतः अनेकदा बोलून दाखवली आहे. परंतु गडचिरोलीतील मेंढा-लेखासारखी ग्रामसभा आपल्या जंगलातील बांबूच्या विक्रीचा हिशेब ठेवते, तिला परिचारिकेची हजेरी आणि औषधांचा साठा ठेवता येणार नाही, असे मानायला आता मला काही आधार दिसत नाही.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी, नाशिक